पाण्यामागून आलेलं गवत

सोलापूर जिल्ह्याचा इतिहास ज्यांनी ज्यांनी लिहिला, त्यांनी किल्ले लिहिले, देवळं लिहिली, दुष्काळ लिहिले, गिरण्या लिहिल्या. १९३० चा मार्शल लॉ तर इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. ओढ्याच्या न् तळ्याच्या कडेला उभं राहणारं गवत मात्र त्यात कुठं सापडत नाही. ते साहजिकच आहे. गवताला कोण विचारतो? पण मी जन्मभर शेती केली, आणि माझं मत असं झालंय की आपल्या जिल्ह्यात पाणी कधी, कुठं, कसं आलं आणि आल्यावर त्यानं जमिनीचं काय केलं हे बघायचं असेल, तर कागदाइतकाच या गवतावरही भरवसा ठेवावा.

मी दहावीपर्यंत शिकलेला. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली, त्या पहिल्या घाण्यातला मी. वनस्पतिशास्त्र मला येत नाही. म्हणून इथं जी नावं येतील ती शिवारातली.

पहिला लव्हाळा. हा काही फार उंच नाही, गुडघ्याच्या आतबाहेर. पण ओलीचा पहिला निरोप हाच आणतो. मुळाला काळ्या गाठी, त्यांना छान वास. वैद्य लोक नागरमोथा म्हणून जे देतात ते याच कुळातलं. खुरप्यानं वरचं काढलं तरी गाठ जमिनीत राहते आणि आठ दिवसांत पुन्हा डोकं वर. दुसरा नळ. बांबूसारखा पेराचा, आतून पोकळ, दीड-दोन पुरुष उंच, वर करडा तुरा. याच्या काड्यांची लेखणी व्हायची, म्हणून याला बोरूही म्हणतात. हिरवळीच्या खतासाठी आपण ताग पेरतो त्यालाही आपल्याकडं बोरू म्हणतात, पण तो वेगळा. तिसरं पाणकणीस. कुणी त्याला रामबाण म्हणतं. पानं तलवारीसारखी लांब, सरळ पाण्यातून उठलेली. मधून एक दांडा आणि दांड्यावर तपकिरी, मखमली कणीस. लांबून बाजरीचं कणीस वाटावं. पण आत दाणा नाही, सगळा कापूस. एका कणसात लाखाच्या वर बी असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला कणीस उकललं की तो कापूस वाऱ्यावर निघतो आणि जिथं ओल सापडेल तिथं उतरतो. जमिनीखाली जाड मुळ्या आडव्या धावतात, त्या वेगळ्याच.

या तिन्ही गवतांना एकच गोष्ट लागते, पायाशी पाणी. जुन्या माणसांना हे माहीत होतं. विहिरीची जागा बघणारा माणूस नारळ हातावर धरायच्या आधी शिवारात फिरून झाडझुडूप बघायचा. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, चैतात कुठलं गवत हिरवं राहिलंय. ही विद्या आपल्या देशात फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहिता लिहिली, त्यात जमिनीतलं पाणी कसं ओळखावं यावर एक अख्खा अध्याय आहे. वेत, जांभूळ, उंबर, वारूळ अशा खुणा त्यात दिल्यात. म्हणजे झाडाकडं बघून पाणी ओळखणं हे अडाण्याचं काम कधीच नव्हतं.

आता आपल्या जिल्ह्याचं पाणी. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातलाही बराचसा परतीचा. त्यामुळं माझ्या आज्याच्या काळात पाणकणीस बघायचं म्हटलं तर ठरलेल्या जागा होत्या. भीमेचे डोह, सीनेचे डोह, एखाद्या बारमाही ओढ्याचं वळण. सोलापुरात सिद्धेश्वराचं तळं, जे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलं असं परंपरा सांगते. आणि शहराच्या उत्तरेला, तुळजापूरच्या वाटेवर, हिप्परग्याचा तलाव. सरकारी कागदात त्याला एकरुख म्हणतात. आदिला नदी अडवून इंग्रजांनी १८७१ साली तो पुरा केला. पुढं १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. त्यात दुष्काळी काम म्हणून आष्टीचा तलाव निघाला. आज तो मोहोळ तालुक्यात आहे. उपाशी माणसांनी टोपल्यानं माती वाहून घातलेला तो बांध. आमची आज्जी सांगायची की तिच्या सासूचं माहेरचं माणूस त्या मातीवर होतं. तळ्याच्या बांधाखाली जिथं पाणी पाझरतं तिथं नळ आणि पाणकणीस दाटलेलं असायचं, आणि वाटसरू तो हिरवा पट्टा बघून लांबून म्हणायचा, "ते बघा, तळं आलं."

तेव्हा पाणकणीस दिसणं ही आनंदाची गोष्ट होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं हे बदललं.

त्याआधी नळाचं सांगतो. आपल्या बोलीत बोरूबहाद्दर असा एक शब्द आहे. काम कमी आणि लिहिणंच जास्त करणाऱ्याला आपण तो लावतो. हा बोरू म्हणजे नळाचीच काडी. वीतभर तुकडा घ्यायचा, टोक तासायचं, मधे चीर द्यायची, तिरकी कत मारायची, आणि दौतीत बुडवून मोडी लिहायचं. पेशव्यांच्या दप्तरापासून गावच्या कुलकर्ण्याच्या वहीपर्यंत सगळा कारभार या काडीनं चालला. कुणाच्या नावावर किती जमीन, सारा किती, तगाई किती, सगळं बोरूनं. सावकाराचं खतपत्रही बोरूनंच. कुणबी अंगठा उठवायचा, काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. १८७५ साली पुणे-नगरकडं शेतकरी सावकारांवर उठले तेव्हा त्यांनी घरं फारशी लुटली नाहीत. आधी कागद मागितले आणि जाळले. मग १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर, असे चार जिल्हे त्यात होते. शेतकऱ्याचं कर्जखत नेमलेल्या अधिकाऱ्यापुढं नोंदवल्याशिवाय चालायचं नाही, असं त्यात ठरलं. ओढ्याकाठच्या एका काडीत जमीन घालवायची ताकद होती, हे सरकारनं मान्य केल्यासारखंच झालं ते. १९५१ साली कुलकर्णी वतन गेलं, मोडी शाळेतून गेली, फाउंटन पेन आलं, आणि बोरू फक्त म्हणीत राहिला.

मागावरही हाच नळ होता. सोलापूरला १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली, पण हातमाग त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी इथं पेठा वसवल्या. आजही सोलापुरात बायका कांड्या भरतात. धोट्यात घालायचं आडवं सूत ज्यावर गुंडाळतात ती कांडी. आता ती लाकडाची नाहीतर प्लास्टिकची असते. पण शब्द बघा. कांडं म्हणजे ऊस, नळ, बांबू यांचं दोन पेरांमधलं अंग. पूर्वी नळाचा नाहीतर बारीक बांबूचा पोकळ तुकडा कापून त्यावरच सूत गुंडाळायचे, म्हणून कांडी. ताण्याचे धागे ज्यातून जातात ती फणीही नळाच्या न् बांबूच्या कामट्यांची असायची. इंग्रजीत तर तिला रीडच म्हणतात, म्हणजे नळ. ज्या गावाची चादर जगात गेली त्या गावाच्या मागात ओढ्याचं गवत बसलेलं होतं.

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला. तेरा वर्षांचा होतो. त्याच्या आधीची दोन सालंही कोरडीच गेली होती. ओढा फुटाफुटानं मागं गेला. पाणकणीस आधी पिवळं पडलं, मग वाळून कडकड वाजायला लागलं. नळ जनावरांनी खाल्ला, उरलेला लोकांनी जाळायला नेला. सगळ्यात शेवटी गेला तो लव्हाळा. वाळूत जिथं लव्हाळ्याचं एखादं हिरवं पातं दिसेल तिथं बाया वाटीनं झिरा उकरायच्या. तासाभरात कळशी भरायची. माझी आई मला पहाटे झिऱ्यावर बसवून यायची, नंबर धरायला. मोठी माणसं खडी फोडायला नाहीतर पाझर तलावाच्या मातीवर. दुपारी सुकडी मिळायची. त्या साली गावोगाव पाझर तलाव झाले आणि त्याच कामातून रोजगार हमी उभी राहिली. त्या तलावांत पुढच्या पावसाळ्यांत पाणी थांबलं आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या काठावर पाणकणीस आलं. बी कुणी नेऊन टाकलं नव्हतं, वाऱ्यानंच आणलं होतं. गावात म्हातारी माणसं म्हणाली, "आता विहिरींना पाणी येतंय बघा." आणि आलंही.

मग उजनी आली. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. एकंदर साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. कालव्याला वापरायचं पाणी साधारण साडेत्रेपन्न टीएमसी. या पाण्यासाठी करमाळा, माढा, इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गावांनी आपली गावठाणं, विहिरी, देवळं पाण्याखाली दिली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात धरण उतरलं की आजही वर निघतं. ते बघायला लोक गाड्या करून जातात. ज्यांची घरं तिथं होती ती माणसं ते कसं बघत असतील, हे कालव्याचं पाणी पिणाऱ्यानं कधीतरी मनात आणावं.

आमच्या शिवारात कालव्याची चारी पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. पहिलं पाणी आलं त्या दिवशी नारळ फोडले, पोरं चारीत लोळली. म्हातारी माणसं काठावर बसून नुसती बघत होती. पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडं बघणारा मुलूख. त्या पाण्यानं काय दिलं ते मी विसरत नाही. माझ्या पोरांचं शिक्षण त्या पाण्यावर झालं, घराला स्लॅब त्या पाण्यावर पडला. ऊस आला, द्राक्षं, डाळिंबं वाढली. आपल्या जिल्ह्यात माळीनगरला १९३० च्या दशकातच शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला होता; उजनीनंतर तर कारखान्यांची रांगच लागली. आज राज्यात सगळ्यात जास्त कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत सोलापूर धरलं जातं.

आणि पाण्यामागून पाणकणीस आलं. आधी चारीच्या कडेला. मग चारीच्या पोटात, इतकं की पाणी पुढं सरकेना. मग रस्त्याकडेच्या खड्ड्यात. मग, जिथं ते कधी कुणी बघितलं नव्हतं तिथं, रानात.

हे रानात येणं शहरातल्या वाचकाला समजून सांगायला पाहिजे. आपली काळी माती चिकणीची. ती पाणी धरून ठेवते. हाच तिचा मोठा गुण. आपल्याकडची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसावर पेरतात आणि पुढं एक थेंब न पडता केवळ मातीत साठलेल्या ओलीवर ती चार महिन्यांत कणसाला येते. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला आणि मराठवाडा, कर्नाटकापर्यंत गेला, तो या मातीच्या जोरावर. पण जी माती ओल सोडत नाही ती जास्तीचं पाणीही सोडत नाही. वरून उसाला पाणी, बाजूनं चारीचा पाझर, आणि खाली निचरा नाही. मग जमिनीतली पाण्याची पातळी वर वर येत जाते. ती मुळापर्यंत आली की पीक पिवळं पडतं. आणखी वर आली की मातीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात. ऊन लागून पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. सकाळी रानात गेलं की पांढरी पापुद्री दिसते. आमच्याकडं म्हणतात रान उपळलं, रान चिबडलं. पुढची पायरी खारवट, त्याच्या पुढची चोपण.

गवत हे सगळं क्रमानं सांगत असतं. मी माझ्या शिवारात तीस-पस्तीस वर्षं बघतोय. आधी लव्हाळा दाट होतो, खुरपणीला आटोपत नाही. मग बांधाच्या सखल कोपऱ्यात नळाची चार धाटं उभी राहतात. ज्या साली तिथं पाणकणीस दिसलं, त्या साली समजावं की पाणी आता जमिनीच्या तोंडाशी आलंय.

हे दुखणं उजनीनं आणलेलं नवं नाही. आपल्या शेजारी नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पुरंदर, बारामती, इंदापूरचं कोरडं रान भिजलं. ऊस आला, गूळ आला, आणि काही वर्षांतच सखल जमिनी चिबडायला लागल्या. विश्वेश्वरय्या तेव्हा या भागात इंजिनिअर होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. पाणी द्यायचे ते ठरलेले गट, त्यात उसाला साधारण तिसराच हिस्सा, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि जागा पाळीपाळीनं बदलायची. पाणी सगळ्यांना पुरावं आणि एका जागी साठून जमीन मारू नये, असा दुहेरी विचार त्यात होता. पुढं १९१६ साली मुंबई सरकारनं पाटबंधाऱ्याच्या प्रश्नांवर संशोधनासाठी वेगळा विभाग काढला. दख्खनच्या कालव्यांवर चिबडणाऱ्या जमिनी आणि त्यांचा निचरा हे त्याच्या पहिल्या कामांतलं एक. पुण्याजवळ खडकवासल्याला जे मोठं जलसंशोधन केंद्र आहे ते त्याच विभागातून वाढलं. म्हणजे आमच्या रानात पाणकणीस यायच्या पाऊणशे वर्षं आधी उपाय कागदावर होता. कागद मुंबई-पुण्याला राहिला. आमच्या चारीवर फक्त पाणी आलं, निचऱ्याचा चर आला नाही.

याहून जुना दाखला फार लांबचा आहे, पण तो ऐकला तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या हायस्कूलचे एक इतिहासाचे सर रिटायर झाल्यावर माझ्याकडं पुस्तकं पाठवायचे, त्यात वाचला. आजच्या इराकात तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या दलदलीत नळाची बनंच्या बनं आहेत. नळाचीच घरं बांधून तिथं माणसं राहतात. पाच हजार वर्षांमागं तिथल्या लोकांनी ओल्या मातीच्या पाटीवर नळाच्या काडीनं खुणा दाबून धान्याचे हिशेब ठेवायला सुरुवात केली. जगातलं पहिलंवहिलं लिहिणं ते हेच, बोरूचंच. त्याच लोकांनी कालवे काढले, सपाट रानं भिजवली. आणि त्यांच्याच हिशेबाच्या पाट्यांवरून दिसतं की शेकडो वर्षांत तिथं गहू कमी कमी होत गेला आणि सातू वाढला. सातू खाऱ्या जमिनीला जास्त सोसतो. रानात चढलेलं मीठ हे त्याचं मोठं कारण, असं बऱ्याच अभ्यासकांनी मांडलंय. नळानं लिहायला शिकलेल्या माणसांनी नळानंच आपल्या जमिनीचं दुखणं लिहून ठेवलं. वाचलं ते चार हजार वर्षांनी दुसऱ्यांनी.

आमच्या स्वतःच्या रानाचं थोडक्यात सांगतो. आमचा खालचा तुकडा दोन एकरांचा, ओढ्याकडं उतरता, शिवारातला सगळ्यात काळा. वडील त्याला सोन्याचा तुकडा म्हणायचे, कारण दुष्काळातही तिथं चार पोती ज्वारी व्हायची. चारी त्याच्या वरच्या अंगानं गेली. वर सगळ्यांचा ऊस. सात-आठ वर्षांत त्या तुकड्यात पाय रुतायला लागला. मग पांढरं फुटलं. मग मधोमध पाणकणीस. वडील तेव्हा थकले होते, पण रोज बांधावर येऊन बसायचे. त्यांचं एकच वाक्य असायचं, "दुष्काळात जी टिकली ती जमीन पाण्यात मेली रं." त्याच सालात ते गेले.

उपाय एकच होता, चार-पाच फूट खोल चर काढून पाणी ओढ्याला नेऊन सोडायचं. पण आमच्या रानातून सरळ ओढा लागत नव्हता. मधे भावकीतल्या आबांचं रान होतं. आबा वडिलांच्या वयाचे, शब्दाला कडक. मी आणि वरच्या अंगाचे दोघे असे तिघं त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले, "तुमच्या रानातलं मीठ माझ्या रानातनं कशाला नेताय? माझं रान चांगलं हाय." बोलणं चुकीचं नव्हतं. कुणी आपल्या पोटातून चर जाऊ देईल? दोन उन्हाळे असेच गेले.

तिसऱ्या साली आबांच्या सूनबाई शेळ्यांना चारा काढायला गेल्या होत्या. त्यांनी घरी येऊन सांगितलं की आपल्या वरच्या कोपऱ्यात पाणकणीस आलंय. आबांचा विश्वास बसेना. काठी टेकत स्वतः गेले. मी बांधावरून बघत होतो. त्यांनी एक दांडा उपटला, मुळाकडं बघितलं, खाली बसून माती हातात दाबली. बोटांतून पाणी आलं. मग मला हाक मारली, "आरं ये हिकडं. चर कुठनं काढायचा म्हणत हुतास?"

चर आबांच्या बांधाच्या कडेनं गेला. निघालेली माती त्यांच्या गाडीवाटेवर टाकली, त्यांची वाट पावसाळ्यात पहिल्यांदा कोरडी राहिली. खर्च चौघांत वाटला, पायलीभर जास्त त्याचा पायलीभर हिस्सा, तसा रानाच्या मानानं. पुढच्या वर्षी आम्ही तुकड्यात जिप्सम टाकलं, धैंचा पेरून गाडला, पावसाचं पाणी अडवून मीठ धुऊन चरात जाऊ दिलं. वरच्या दोघांनी उसाला सरीभर पाणी सोडायचं बंद करून ठिबक केलं. एका वर्षात काही झालं नाही. चौथ्या वर्षी तुकड्याच्या वरच्या निम्म्यात मालदांडी पेरली. ती आली. खालचा अर्धा एकर अजून पुरता सुधारलेला नाही. लव्हाळा तिथं आहेच.

ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी की आमच्या भांडणात तलाठी, मोजणी, कोर्ट कुणी निकाल दिला नाही. निकाल त्या गवतानं दिला. ते कुणाच्या बाजूचं नव्हतं आणि आबांना ते वाचता येत होतं. आता वाचता येणारी माणसं कमी होत चाललीत, याची मला काळजी वाटते. पोरं पाणकणीस दिसलं की तणनाशकाचा पंप काढतात. गवत मरतं, पाणी तिथंच राहतं. ताप बघायचा काटा फोडून टाकला म्हणून ताप उतरत नाही.

शिवाय पाणकणसाचा उपयोगही आहे. त्याची पानं आतून पोकळ, त्यातून हवा खाली मुळापर्यंत जाते, आणि मुळाभोवती घाण खाणारे जिवाणू वाढतात. म्हणून आता सांडपाणी साफ करायला मुद्दाम नळ आणि पाणकणीस लावतात. उजनीत पुण्याकडचं किती सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून येतं ते आपण जाणतोच. धरणाचं पाणी उन्हाळ्यात हिरवं पडतं ते त्यामुळंच. काठचं पाणकणीस त्यातलं खत ओढून घेतं. मात्र एक अट आहे. ते वेळेवर कापून बाहेर काढायला हवं, नाहीतर तिथंच कुजून सगळं परत पाण्यात. आणि पाखरं आहेतच. उजनीच्या रोहित पक्ष्यांचे फोटो पेपरात येतात, पण पाणकोंबड्या, वटवट्ये यांचा संसार पाणकणसातच असतो. सुगरण नळाच्या न् उसाच्या पानांचे दोर काढून विहिरीवरच्या बाभळीला खोपा विणते. मारुती चितमपल्ली या आपल्या सोलापुरात जन्मलेल्या माणसानं जन्मभर रानावनातल्या अशाच गोष्टी मराठीत आणल्या. आपण निदान आपल्या बांधावरच्या तरी बघाव्यात.

आमच्या चराचं ठरलंय असं. दर उन्हाळ्यात चौघं मिळून तो साफ करतो. वरचा सगळा भाग मोकळा, पाणी पळालं पाहिजे. शेवटची वीस-पंचवीस पावलं, जिथं चर ओढ्याला मिळतो, तिथलं पाणकणीस उपटत नाही, नुसतं कापतो. रानातलं खताचं पाणी ओढ्यात जाण्याआधी त्यातून गाळून जातं. कापलेलं आबांच्या सूनबाई गोठ्यात जनावराखाली अंथरायला नेतात, आणि तेच पुढं उकिरड्यात कुजून खत होतं. या साली चैतात चराच्या तोंडाशी पाणकणीस कमरेच्या वर होतं आणि आमच्या तुकड्यात एकही धाट नव्हतं. मी मोजून बघितलं.